इंग्रजी वाक्याचे साचे आणि वऱ्हाडी बोली

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास 2000 साली प्रारंभ झाला. शालेय जीवनाची दहा-बारा वर्षे या भाषेच्या सहवासात काढून विद्यार्थी महाविद्यालयात येतो. परंतु चार वाक्यांचा साधा अर्ज लिहिताना त्याची लेखणी अडखळते. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा या परिसरातील शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. याच विद्यार्थ्याला कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करावयास सांगितले, किंवा ‘नो सूनर’च्या मागोमाग ‘दॅन’ आणावयास सांगितले, तर तो ते बिनचूक करून दाखवितो. नियम मुखोद्गत आहेत, पण वाक्य येत नाही. या विसंगतीचा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीला देणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. तो दोष शिकविण्याच्या रीतीचा आहे.

भाषेत शब्द एकटा वावरत नाही. आपले सोबती घेऊनच तो वाक्यात येतो. ‘मला सांगा’ याचे ‘टेल मी’ होते. पण त्याच न्यायाने ‘से मी’ म्हटले की चुकते. तेथे ‘से टु मी’ असे म्हणावे लागते. ‘मला समजावून सांगा’ याचे ‘एक्सप्लेन मी’ असे भाषांतर तर पदवीधरांच्या तोंडीही ऐकू येते. इंग्रजीला मात्र ‘एक्सप्लेन इट टु मी’ हवे असते. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ हे ‘आय वॉन्ट यू टु कम’ या साच्यात बसते. ‘सजेस्ट’ या क्रियापदाला हाच साचा चालत नाही, त्याला ‘दॅट’ लागतो. ही सारी क्रियापदे सकर्मक आहेत एवढे सांगून भागत नाही. व्याख्येने त्यांचा वर्ग कळतो, वर्तन कळत नाही.

हे वर्तन अभ्यासकांनी फार पूर्वीच टिपून ठेवले आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्न्बी यांनी 1954 च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी क्रियापदांचे 25 साचे मांडले. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष लिहिल्या-बोलल्या गेलेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर जमविण्यात आला आणि त्याच्या आधारे 1987 साली ‘कोबिल्ड’ हा कोश निघाला. सामान्य माणसाचे रोजचे बोलणेही ठरावीक शब्दबंधांतूनच चालते, ही गोष्ट त्या साठ्याने पुराव्यानिशी दाखवून दिली.

बोली ही अडचण की आधार?

हे साचे वऱ्हाडी मुलापर्यंत न्यावयाचे कसे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या भाषेतून सुरू होते. ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा की ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कोण हे मराठीत बदलत नाही. ते ओझे ‘ला’ हा प्रत्यय वाहतो. वऱ्हाडीत तो ‘ले’ होतो: ‘मले’, ‘तुले’. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. तेथे ‘डॉग’ आणि ‘मॅन’ यांच्या जागा बदलल्या की माणूसच कुत्र्याला चावतो! मराठीत प्रत्यय जे काम करतो ते इंग्रजीत शब्दाचे स्थान करते, हे एकदा उमजले की शब्दक्रमाचा नियम पाठ करावा लागत नाही.

याहून बोलके उदाहरण काळाचे आहे. ‘तो शाळेत जाते’ आणि ‘तो शाळेत जाऊन राह्यला’ असे दोन प्रयोग वऱ्हाडी मूल सहज करते. पहिला नित्याचा, दुसरा या क्षणी चाललेला. ‘ही गोज’ आणि ‘ही इज गोइंग’ यांत इंग्रजीने केलेला भेद जवळजवळ हाच आहे. एवढेच नव्हे, तर ‘आय ॲम हॅविंग टू बुलक्स’ ही सार्वत्रिक चूकही याच वाटेने दुरुस्त होते. ‘माह्याजवळ दोन बैल आहेत’ असे शेतकरी म्हणतो. ‘असून राह्यले’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही मालकीचे ‘हॅव’ चालू काळात घालत नाहीत. तरीही वर्गात ‘जाऊन राह्यला’ हे शब्द निघताच मुलाला अशुद्ध बोलण्याबद्दल टोकले जाते. ज्या पायरीवर उभे राहून त्याला वर चढावयाचे, तीच अशा रीतीने काढून घेतली जाते.

बोली सर्वत्र हात देईल असे मात्र नाही. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना ना प्रमाण मराठीत जोड आहे, ना वऱ्हाडीत; ती वाचनातून आणि वापरातूनच अंगवळणी पडतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या परिसरात बंजारा मुलांच्या घरी गोरमाटी बोलली जाते. तेथे तुलनेचा आरंभ तिच्यापासूनच व्हावयास हवा.

साचे शिकविण्याचा प्रयोग पूर्वीही झाला, असा आक्षेप जुने शिक्षक घेतील, आणि तो रास्त आहे. हैदराबादला 1958 साली इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि रचनापद्धतीचा देशभर प्रसार झाला. परंतु वर्गात ‘धिस इज अ पेन’चा जप उरला. पेन सर्वांच्या डोळ्यांसमोर असताना ते वाक्य कोणालाच काही सांगत नव्हते. साचा निरुपयोगी नव्हता. त्यातून अर्थ तेवढा निघून गेला होता. सोयाबीनचा भाव, एस.टी.ची वेळ, बँकेतील अर्ज यांसाठी तोच साचा वापरला तर तो जिभेवर टिकेल.

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा व्यवहार प्राकृतात. विद्वानांची भाषा आणि लोकांची भाषा एकाच राजशासनात शेजारी बसल्या. एकीसाठी दुसरीला लाजावे लागले नाही. त्याच भूमीतील मुले आज मुलाखतीच्या दाराशी एका वाक्यासाठी अडतात आणि गुणवत्ता असूनही मागे फिरतात. परीक्षेत वाक्ये उलटीपालटी करण्याला असलेले महत्त्व कमी करून स्वतःचे वाक्य रचण्याला अधिक गुण दिले, आणि शिक्षकाने फळ्यावर इंग्रजी वाक्याशेजारी मुलाचे वऱ्हाडी वाक्य निःसंकोच लिहिले, तर हे चित्र पालटू शकेल. त्यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. मुलाच्या बोलीलाही व्याकरण आहे, एवढी मान्यता मात्र आधी द्यावी लागेल.