घडीव, ओतीव आणि आमचे साहेब

तंजावरच्या बीरंगी मेडू या टेकाडावर आमच्या सहलीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी राजगोपाल तोफेवर थाप मारली आणि निकाल दिला, “घडीव आहे. ओतीव असती तर कधीच फुटली असती. चारशे वर्षं टिकली, बघा!”

टिकली? अहो, टेकाडावर नुसतं पडून राहायला कसला आलाय टिकाऊपणा! तसा मीही सोफ्यावर साठ वर्षं टिकलोय. गावातले म्हणतात, ही तोफ डागली ती एकदाच. गंज न चढणं वेगळं, दारूचा दणका सोसणं वेगळं. साहेबांनी दोन्हीची एकच खिचडी केली.

घडीव आहे, ते मात्र खरं. रघुनाथ नायकाच्या काळातली, साडेसात मीटर लांब, वजन वीस टनांच्या वर. त्रेचाळीस लोखंडी पट्ट्या उभ्या जोडून नळी केलेली, त्यावर तापवलेली कडी थरावर थर चढवलेली. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ना, तसंच. निवताना कडं आवळतं. बोट फिरवलं की कड्याकड्यांमधली खाच लागते. त्या लोहारांना दंडवत.

पण साहेब पुढे सरकले: “आपल्या पूर्वजांनी जाणीवपूर्वक घडीव निवडली. शुद्ध देशी बुद्धी!” निवडली? ताटात दुसरं होतं काय? टनावारी लोखंड वितळवून ओतेल अशी भट्टीच तेव्हा इकडे नव्हती. आणि शुद्ध देशी म्हणता, तर तोफेला तमिळमध्ये म्हणतात ते ‘बीरंगी’ म्हणजे तरी काय? ‘फिरंगी’! बिचारीच्या नावातच परदेश.

‘ओतीव म्हणजे ठिसूळ’ हा दुसरा वेदमंत्र. ओतीव लोखंड ठिसूळ, कबूल. कर्ब तीन-चार टक्के, तडकायचं तेव्हा आगाऊ नोटीस देत नाही. पण काशाचं काय? विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली आपल्या अहमदनगरात ओतलेली, पंचावन्न टनांची. तिला जाऊन सांगा की बाई, तू ठिसूळ आहेस!

उलट घडीवात प्रत्येक जोड हा एक संशयित. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या ‘प्रिन्स्टन’ युद्धनौकेवर घडीव लोखंडाची तोफ पाहुण्यांना कौतुकाने डागून दाखवत होते. ती फुटली. परराष्ट्रमंत्री गेले, नौदलमंत्री गेले. खुद्द राष्ट्राध्यक्ष टायलर खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. तोफेचं नाव? ‘पीसमेकर’. शांतिदूत!

म्हणजे प्रश्न ओतीव की घडीव हा नाहीच. धातू कोणता, काम किती चोख, बार किती भरला, हे विचारा. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ज्या करुणेने माझ्याकडे पाहिलं, ती मी बुद्धमूर्तीच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही.

संध्याकाळी बस स्वामीमलैला थांबली. मेणाचा नमुना करून त्यावरून मूर्ती ओतणाऱ्यांचं गाव. साहेब एका दुकानात नटराज उलटासुलटा करून पाहत होते. बैठकीवर नखाने टिकटिक केली, कान लावला, आणि दुकानदाराला दरडावून विचारलं, “ओतीवच आहे ना? ठोकून-बिकून केलेला नको हं, मला टिकाऊ पाहिजे.”