आसरा दिला, कागद राहिला

निर्वासितांना सामावून घ्या म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला : 'आपल्याच लोकांना पुरत नाही, त्यात हे आणखी कुठे?' प्रश्न गैर नाही. पण महाराष्ट्राने हे काम पूर्वी केलेले आहे. काही ठिकाणी चांगले केले, काही ठिकाणी अर्धवट सोडले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदा का हवा ते कळते.

१. कोल्हापूर भागात लग्नाचा बस्ता बांधायला लोक गांधीनगरला जातात. ही होलसेल कापडाची पेठ उभी आहे वळिवड्याच्या जुन्या छावणीच्या जागी. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेली आणि इराणमार्गे इथवर पोचलेली ही कुटुंबे. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. शाळा, दवाखाना, चर्च, नाटके, सगळे छावणीतच. (सुरुवातीचा खर्च लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारचा होता. आपली पाठ थोपटताना हे आपण सोयीने विसरतो.) ते गेले आणि त्याच छावणीत फाळणीने बेघर झालेले सिंधी आले. पोलिश मंडळी पाहुणी होती, सिंध्यांना इथेच राहायचे होते. दुकान टाकायला त्यांना परदेशी म्हणून कुणाची परवानगी लागली नाही, मुलांच्या प्रवेशाला व्हिसा लागला नाही. नागरिकत्व हातात होते. बाकीचे त्यांनी स्वतः उभे केले.

२. उल्हासनगरात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत लाखाच्या घरात सिंधी उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. पत्ता अजूनही 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच सांगतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद लोकलच्या डब्यात कितीदा झाला असेल! पण तो खिजवण्याचा विनोद कौतुकाचाही आहे. हे लोक सरकारी शिध्यावर बसून राहिले नाहीत.

राहिला तो कागद. भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा १९५४ मध्ये झाला, पण जमिनीच्या सनदांचा घोळ पिढ्यान् पिढ्या चालला. बरॅकीचे तुकडे विकले गेले, वर मजले चढले. शेवटी २००६ मध्ये एकट्या उल्हासनगरची बेकायदा बांधकामे नियमित करायला विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागला. वेळेवर मोजणी करून सनद हातात देणे यापेक्षा कितीतरी स्वस्त पडले असते.

३. गडचिरोलीतली गोष्ट जास्त अवघड आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली शेतकऱ्यांना पुनर्वसनात इथे जमीन मिळाली. मुलचेरा तालुक्यात विवेकानंदपूर, सुंदरनगर अशी गावे भेटतात. भात आणि मासळी, दोन्हीत ही माणसे तरबेज. पण त्यांच्यातला नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतो आणि महाराष्ट्रात नाही. माणूस सरकारने हलवला, त्याचा दाखला मात्र तिकडेच राहिला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जंगलाच्या ज्या मुलखात ही वसाहत झाली तो माडिया-गोंडांचा. त्यांना कुणी विचारले नाही. पुनर्वसनाचा भार आधीच दबलेल्यांच्या अंगणात टाकायचा ही सरकारी खोड जुनी आहे. सामावून घेण्याच्या धोरणात स्थानिकांचा शब्द आधी लागतो, नाहीतर पुढचे भांडण आपणच पेरतो.

४. आज भारतात कोण कुठल्या देशातून आणि कुठल्या साली आला यावर सगळे ठरते. गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. थंडीत स्वेटर विकायला बसणारी तिबेटी मंडळी आपल्याला लहानपणापासून ओळखीची. तरी त्यांच्यातल्या अनेकांना अजून नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करत राहावे लागते. १९८७ च्या जुलैआधी इथे जन्मलेला तिबेटी कायद्याने भारतीय ठरतो, त्याच्यामागून जन्मलेला धाकटा भाऊ ठरत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतल्या सहा बिगरमुस्लिम धर्मांच्या लोकांना वाट दिली. श्रीलंकेचे तमिळ, तिबेटी, म्यानमारचे चिन बाहेरच राहिले. त्याच तीन देशांतून जीव वाचवून आलेला मुसलमानही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुले अशीच लटकली. परत जायची सोय नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर नोकरीची मुभा नाही. खोलीचे भाडे कशातून द्यायचे?

५. 'कायदा केला तर लोंढे येतील, घुसखोर शिरतील' हा आक्षेप. माझे मत उलट आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि देशात तसा कायदाही नाही. २०२५ मध्ये परकीय नागरिकांसाठी नवा कायदा आला, त्यातही निर्वासित हा वेगळा वर्ग नाही. मग छाननी करायची कशाच्या आधारे? छाननीच नसली की काय होते पाहा : जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकलले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. ठरलेल्या मुदतीत अर्ज, सुनावणी, अपील अशी व्यवस्था असेल तर खरा कोण, खोटा कोण हे निदान तपासले जाईल. अर्ज मंजूर झाला की काम करण्याची मुभा आणि बँकेत खाते लगेच. नामंजूर झालेल्यालाही जिथे जिवाला धोका आहे तिथे परत धाडू नये. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिक नसलेल्यांच्याही जिवाचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे सांगितलेच आहे.

६. दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल, राज्याला एक गोष्ट उद्या करता येईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हक्क सहा ते चौदा वर्षांच्या 'प्रत्येक बालकाला' आहे, नागरिकालाच नव्हे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मिझोरमने २०२१ मध्ये म्यानमारहून आलेल्या मुलांना शाळेत घ्या असे आपल्या अधिकाऱ्यांना कळवले. मिझोरम काही श्रीमंत राज्य नाही. आपल्याकडे मुख्याध्यापक आधार कार्डावर अडून बसतो, कारण ऑनलाइन नोंदणीत तो रकाना समोर येतो आणि चूक झाली तर नोटीस त्यालाच येते. आधार नसले तरी प्रवेश द्या आणि जबाबदारी आमची, एवढे एका पानाच्या परिपत्रकात बसते. ते काढणारे शिक्षण आयुक्तालय पुण्यातच आहे.