उभी पाहिली, आडवी घातली

कांद्याला किंवा टोमॅटोला एखाद्या वर्षी बरा भाव लागला की जुन्नर-आंबेगावात बंगल्यांचे स्लॅब पडू लागतात. मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात पुणे-नाशिक रस्त्याला फरशीची दुकानं उगाच नाहीत. मोरबीहून माल येतो आणि दुकानात भिंतीला टेकवून उभा राहतो, वर दिव्याचा झोत. गिऱ्हाईक त्यात तोंड पाहतं, हात फिरवतं, ‘आरसाच आहे की’ म्हणतं आणि इसार देऊन मोकळं होतं. पाय मात्र कोणी ठेवून पाहत नाही. उभी पाहून घेतलेली ही फरशी मग जन्मभर आडवी वापरायची असते, तीही बरेचदा ओल्या पायांनी.

त्यात निवडणारा एक आणि चालणारा दुसराच. या दोन तालुक्यांतली निम्मीशिम्मी कर्ती पिढी मुंबईत, भोसरीत, चाकणला. मुंबईच्या डबेवाल्यांतले कितीतरी जण इथलेच. मुलगा तिकडे कमावतो, गावी घर बांधतो आणि सोसायटीतल्या शेजाऱ्याच्या हॉलमध्ये पाहिलेली फरशी इथे आणून घालतो. स्वतः येतो जत्रेला आणि दिवाळीला. बाकीचे दिवस त्या फरशीवरून कोण चालतं? गोठ्यातून धार काढून चिखलाच्या पायांनी आत येणारी सत्तरीची आई. पाय धुऊन येते, म्हणजे आणखी ओले करून येते.

चकचकीत फरशीशी आमचं वैर नाही. बैठकीच्या खोलीत चांगली डबल चार्ज व्हिट्रिफाइड घाला, खुशाल घाला. डाग धरत नाही, पुसायला सोपी, झिजतही लवकर नाही. कोरडी असली तर पायालाही बऱ्यापैकी धरते. घोळ होतो तो पाण्याने. पाऊल आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा बसतो. खरखरीत पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे तो पडदा फोडून तळव्याला भिडतात. पॉलिश करताना नेमके तेच उंचवटे घासून काढलेले असतात आणि नॅनो पॉलिशमध्ये उरलीसुरली छिद्रंही बुजवलेली असतात. टाकी न लावलेल्या पाट्यावर चटणी जशी नुसती सरकत राहते, तसं पाऊल सरकतं. शिवाय त्या लखलखाटात सांडलेलं पाणी दिसतच नाही.

दुकानदार मोठ्या अभिमानाने सांगतो, ‘ही फरशी पाणी पीत नाही.’ खरं आहे. व्हिट्रिफाइडचं पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. पण जे आत जात नाही ते वरच राहतं, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. शेणाने सारवलेली जमीन सांडलेलं तांब्याभर पाणी पिऊन टाकायची. ओसरीवरची घडीव शहाबादी फरशी वरून खडबडीत होती म्हणून पाय धरायची. ती जमीन परत आणा असं कोणी म्हणत नाही, सारवण घालणाऱ्या बाईचे गुडघे त्यात कामी आलेले आहेत. पण तिचा जो गुण होता तो नव्या फरशीत कुठून येणार, एवढं तरी पाहावं.

लोणी-धामणीला, बेल्ह्याला पावसाची वाट पाहावी लागते. तिथे एक वेळ खपून जाईल. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाच्या बाजूला चार महिने घराचं काहीच धड वाळत नाही. दमट वारा आत शिरला की थंड फरशीला घाम सुटतो. पाणी सांडायलाच हवं असं नाही, फरशी आपोआप ओली होते. तीच फरशी, तोच ब्रँड, पण लोणीचा अनुभव आहुप्याच्या कामाचा नाही.

खरा घात करतात ते उरलेले बॉक्स. हॉलची फरशी पुरून दोन-तीन बॉक्स उरतात, परत कोण नेणार, म्हणून मिस्त्री विचारतो, ‘मोरीत टाकून देऊ का?’ मालकही हो म्हणतो. साबणाचं पाणी, तेलकट अंग, उघडे पाय आणि खाली आरसा! दुसरा घात पायरीवर. बाहेरच्या पायऱ्यांना काळा ग्रॅनाइट, कडेला गोल मोल्डिंग, त्यालाही पॉलिश. पाऊस तिरका आला की पहिली पायरी भिजते आणि उतरताना सगळा भार नेमका त्या गुळगुळीत कडेवर येतो. कित्येक मंगल कार्यालयांत आणि सरकारी इमारतींतही हेच पाहायला मिळतं. सरकारी इमारतीत तर पैसाही आपलाच असतो.

फरशीच्या घसरणीला आकडे आहेत आणि ते विचारता येतात. जर्मन पद्धतीच्या चाचणीत उतार हळूहळू वाढवत माणसाला त्यावर चालवतात आणि तो कितव्या अंशाला घसरतो ते पाहतात. बूट घालून, तेल ओतलेल्या फरशीवर केलेल्या चाचणीला ‘आर’ क्रमांक मिळतो : आर ९ ते आर १३. इथे एक गंमत ध्यानात ठेवावी. ‘आर ९ आहे, काळजी सोडा’ असं कोणी म्हणालं तर काळजी तिथेच सुरू करावी, कारण आर ९ ही सर्वांत खालची पायरी. सहा ते दहा अंशांतच माणूस घसरतो. स्वयंपाकघराला आर १० बघावी, पावसात भिजणाऱ्या ओसरीला आणि पायरीला आर ११. मोरीसाठी अनवाणी पायांची वेगळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावर केलेली. तिच्या ए, बी, सी अशा श्रेणी असतात आणि न्हाणीघराला बी तरी हवी. मोरीत फूट बाय फूट किंवा त्याहून लहान मॅट फरशी घातली तर सांधे जास्त येतात, पायाला धरायला तेवढीच मदत, आणि ढाळही नीट काढता येतो.

मॅट फरशी मळते, ही तक्रार खरी आहे. तिला ब्रश लागतो, नुसत्या पोछ्याने भागत नाही. पण मळलेली फरशी घासता येते. म्हातारपणी मोडलेला खुबा नीट जुळून माणूस पूर्वीसारखा चालेल याची खात्री कोणी देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. सर्वाधिक साठीच्या पुढची.

ज्यांनी आधीच घातली आहे त्यांनी सगळी उखडायला नको. पायरीच्या कडेला मशीनने दोन-तीन खाचा मारून घ्याव्यात, मोरीची तेवढी बदलावी, भिंतीला धरायला दांडी बसवावी. घसरण कमी करणारी रसायनं मिळतात, पण त्यांनी चमक उतरू शकते आणि काही काळाने ती पुन्हा लावावी लागतात. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका जाहीर झाला, तेव्हापासून घरगुती मुक्कामाच्या खोल्या वाढल्या आहेत. नाणेघाटातून भिजून आलेला पाहुणा थेट त्या फरशीवर उतरतो, हे खोली बांधणाऱ्याने विसरू नये.

मंचर-नारायणगावच्या दुकानदारांना एकच सांगणं. नमुन्याची एक फरशी जमिनीवर आडवी ठेवा, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि गिऱ्हाइकाला चप्पल काढून, भिंतीला हात धरून तिच्यावर उभं राहायला सांगा. आणि मुंबईहून येणाऱ्या मुलांनो, फरशी घ्यायला जाताना आईला सोबत न्या.