दहा बोटांची साक्षरता

गावोगावच्या निवासी शाळांतून आता संगणक कक्ष उभे राहिले आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु चौथी-पाचवीच्या मुलांच्या संगणकाच्या तासिका बहुधा चित्रे रंगविण्यात आणि खेळ खेळण्यात सरतात. कळफलकावर दहाही बोटांनी लिहिणे ‘पुढे क्लासला शिकतील’ म्हणून सोडून दिले जाते. हे सोडून देणे आपल्या मुलांना परवडणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्याच्या घरी संगणक आहे, त्याचा हात घरीच वळतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांच्या लेकराला संगणक शाळेतच भेटतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचे शासकीय प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आपली मुले बारावीनंतर फी भरून खासगी संस्थेत जातात. तोवर दोन बोटांनी कळा शोधण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असते. ती मोडण्यापेक्षा कोऱ्या हाताला वळण लावणे कितीतरी सोपे!

‘म्हणजे पुन्हा कारकूनच घडवायचे काय?’ असे काही पालक विचारतात. त्यांनी आपला इतिहास आठवावा. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले, कारण आपले म्हणणे आपणच लिहून छापल्यावाचून जगापुढे जाणार नव्हते. पुढे त्यांच्या अखेरच्या वर्षांत नानकचंद रत्तू यांनी त्यांची हस्तलिखिते टंकलिखित केली. विचार जगापर्यंत पोहोचविणारे हे काम हलके कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप हस्ताक्षर बिघडेल असा. पहिली-दुसरीला पाटी-पेन्सिलच हवी, आणि पुढेही वही सुटता कामा नये. कळफलक हा वहीचा सोबती आहे.

आरंभ मात्र मराठीतून व्हावा. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविण्याच्या पद्धतीत मुलाला आपल्याच भाषेकडे इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने जावे लागते. इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी वर्णमालेला धरून आहे. स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. क आणि ख एकाच कळीवर, द आणि ध एकाच कळीवर. शिफ्ट दाबली की महाप्राण उमटतो. ‘बुद्ध’ लिहिताना ब, उकार, द, हलन्त आणि ध असे पाच टप्पे बोटांखालून जातात. जोडाक्षर कसे घडते, हे मुलाला येथे आपोआप उमगते.

यासाठी रोजची २० मिनिटे पुरेत. खुर्चीवर पाय टेकत नसतील तर खाली पाट द्यावा. प्रथम मधली ओळ पक्की करावी. तर्जनीच्या दोन कळांवरील उंचवटे चाचपून बोटे जागेवर आणण्यास शिकवावे. हातांवर रुमाल टाकून सराव घ्यावा. पहिले सहा महिने घड्याळ लावू नये. अचूकता आली की वेग मागोमाग येतो. वसतिगृहात सायंकाळचा वेळ आपल्या हाती असतो, हा निवासी शाळेचा मोठा लाभ.

आणि हात बसल्यावर मुलांनी लिहावे काय? इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस येथेच खरी निकड वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला गेलेल्यांच्या आठवणी, आज्यांच्या ओव्या, वस्तीतील शाहिरांची गाणी जुन्या वह्यांत वाळवीच्या तोंडी पडली आहेत. ज्यांनी हे अनुभवले, ती पिढी मावळत आहे. सातवीतील प्रत्येक मुलाने सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक आठवण ऐकून ती स्वतः टंकलिखित करून आणावी. दहा वर्षांत शाळेपाशी आपल्या समाजाचे मोठे दप्तर जमा होईल.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : आपल्या कचेरीतून निघणारे सुस्थितीतील संगणक शाळेकडे वळवा आणि वर्षातून चार दिवस येऊन मुलांशेजारी बसा. लेखणीपासून आपल्याला शतकानुशतके दूर ठेवले गेले. आजच्या लेखणीसाठी आपल्या मुलांना ताटकळत ठेवणारे आपणच ठरू नये.

जय भीम!