सेडान घेताय? आधी मागच्या सीटवर बसा, मग किंमत विचारा

शोरूममध्ये गाडीची ओळख हल्ली सनरूफ आणि मोठ्या टचस्क्रीनपासून सुरू होते. पण पाच-सात वर्षे हप्ते भरणाऱ्या कुटुंबाचे प्रश्न वेगळे असतात. मागे तिघे नीट बसतात का? डिकीत सगळ्यांच्या बॅगा मावतात का? आणि मोठ्या गाडीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे गाडीत जातात की करात? माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

4 मीटरची रेषा काय आहे?

2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. लांबी 4 मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत, अशी अट होती. जीएसटी आला तरी ही रेषा राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून रेषेच्या आतल्या गाड्यांवर 18 टक्के, तर बाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. डिझायर आणि अमेझ या दोन्ही गाड्यांची लांबी बरोबर 3995 मिलिमीटर का, याचे उत्तर इथे आहे. सिटी, व्हर्ना, व्हर्टस आणि स्लाव्हिया या साडेचार मीटरच्या आसपासच्या गाड्या रेषेबाहेर पडतात.

हिशेब करून पाहा. करापूर्वी 8 लाखांची गाडी 18 टक्क्यांनी 9 लाख 44 हजारांना पडते आणि 40 टक्क्यांनी 11 लाख 20 हजारांना. फरक 1 लाख 76 हजारांचा. ही रक्कम 9 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर महिन्याला सुमारे 3,650 रुपये केवळ या फरकापोटी जातात. शिवाय महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीचा एकरकमी रस्ता कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे 20 लाखांपर्यंत 12 टक्के आहे.

नाशिकने हे आधी पाहिले आहे

2007 मध्ये महिंद्रा आणि रेनो यांनी नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी लोगान बाजारात आणली. इंजिनीअरच्या नजरेने ती फार हुशार गाडी होती. खर्च वाचवण्यासाठी डाव्या-उजव्या बाजूचे आरसे एकसारखेच ठेवले होते, पण मागच्या सीटवर तिघे ऐसपैस बसत आणि डिकी 510 लिटरची होती. मात्र गाडी 4 मीटरपेक्षा लांब, म्हणून कराची सवलत नाही. दिसायला चौकोनी, म्हणून शोरूममध्ये भुरळ पाडणारी नाही. 2010 मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी गाडीचे नाव व्हेरिटो झाले.

2013 मध्ये व्हेरिटो व्हाइब आली. तीच गाडी, पण डिकी छाटून 4 मीटरच्या आत बसवलेली. म्हणजे कर वाचला आणि कुटुंबाच्या बॅगांची जागा गेली. कर लावताना सुरक्षितता किंवा इंधनाचा खर्च न पाहता लांबी मोजली की असेच होणार. हा नियम बदलायला हवा. पण तो बदलेपर्यंत हिशेब आपल्यालाच करावा लागेल.

जास्तीच्या पैशांत काय मिळते?

डिझायरची डिकी 382 लिटर, अमेझची 416. मध्यम सेडानमध्ये सिटीची 506, व्हर्टस आणि स्लाव्हियाची 521, व्हर्नाची 528. डिझायर सीएनजीवर घेतली तर डिकीतली बरीच जागा टाकी खाते, हेही लक्षात ठेवा. सुरक्षिततेसाठी मात्र मोठीच गाडी हवी असे नाही. व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्नाप्रमाणेच नव्या डिझायरलाही ग्लोबल एनकॅपचे 5 स्टार आहेत.

टेस्ट ड्राइव्ह द्वारकेवरून

शोरूमच्या मागच्या गल्लीत मारलेल्या एका फेरीतून काही कळत नाही. घरच्या सगळ्यांना बसवा आणि संध्याकाळी द्वारका चौकात या. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे मिळतात. रिक्षा, बस आणि टेम्पोंच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकताना क्लच किती जड आहे, ऑटोमॅटिक असेल तर ती धक्के देते का आणि मागे एसी पोहोचतो का, हे समजते. नंतर पुणे रस्त्याने सिन्नरकडे जा. मोहदरी घाट भरल्या गाडीने चढताना इंजिनाचा खरा दम कळतो. वाटेतल्या गतिरोधकांवर गाडीचे पोट घासते का, तेही पाहा.

आजी-आजोबांना दोन-तीनदा चढ-उतार करायला सांगा. सेडानची सीट खाली असते. गुडघे कुरकुरत असतील तर इतर सगळे गुण बाजूला ठेवा. मागे मधल्या जागेवर मोठ्या माणसालाच बसवा. पायाखालचा उंचवटा त्यालाच जाणवेल.

मग घ्यायची कोणती?

चौघांचे कुटुंब, रोजचे शहरातले फिरणे आणि वर्षातून दोन-तीन लांबचे प्रवास असतील, तर 4 मीटरच्या आतली सेडान पुरते. वाचलेले पैसे विम्याला, टायरला आणि इंधनाला कामी येतात. पाच मोठी माणसे वारंवार पुणे-मुंबई करत असतील, तर मध्यम सेडान घ्यावी, 40 टक्के कर सोसूनही. पण मागची सीट वर्षातले बहुतेक दिवस रिकामी राहणार असेल, तर महिन्याचे ते 3,650 रुपये त्या रिकाम्या जागेचे भाडे ठरतील.