आधी शाहिराची बिदागी

इचलकरंजीत रात्र म्हणजे मागाचा खडखडाट. धोटा रातभर पळतो, त्याला कोण अडवत नाही. शाहिराचा कर्णा मात्र २००० सालच्या ध्वनी नियमानं रात्री १० ला बंद! दुसऱ्या पाळीतनं सुटलेल्यानं गाणं ऐकायचं कधी?

पण गड्यांनो, पोलिसाआधी आपणच शाहीर गप्प केलाय. १४ एप्रिलला डीजे. भिंतीएवढे बॉक्स, शब्द एक कळत नाही. (नाचा की, पाय माझेबी उचलतात.) ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार, १० मेले, चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. २०२० ला कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर उचलले. डीजेवाल्याला कधी यूएपीए लागलाय?

वर्गणीतनं आधी शाहिराची बिदागी काढा. उरलं तर बॉक्स आणा.