सबकुछ रत्नागिरी

ऑफिसात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक सँडविच असतं. उजव्या हातात माउस, डाव्या हातात ते आणि नजर स्क्रीनवर. चव कळायच्या आत संपलेलं असतं. बहुतेक सँडविचेसची तेवढीच लायकी असते, हेही खरंच. पण दोस्तहो, या जमातीत एक नमुना असा आहे की ज्याच्यासाठी माउस सोडावा लागतो. दोन्ही हात लागतात, कोपरं टेबलावर टेकावी लागतात आणि बॉसला 'पाच मिनिटांत येते' असा मेसेज टाकावा लागतो. त्याचं नाव इटालियन सब.

सब हे सबमरिनचं लाडाचं नाव. पाणबुडीसारखा लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता पाव. वरून कडक, आतून मऊ. पोटात सलामी आणि मोर्तादेलाच्या कागदासारख्या पातळ चकत्या, प्रोव्होलोने चीज, टोमॅटो, कांदा, बारीक चिरलेलं लेट्यूस, वर तेल, व्हिनेगर आणि चिमूटभर सुका ओरेगॅनो. ग्रिल करायचा नाही. मेयोनीज तर नाहीच नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना सब भेटला तो सबवेच्या काउंटरवर. १९६५ साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावात सतरा वर्षांच्या फ्रेड डेलुकानं पीटर बक या फॅमिली फ्रेंडकडून हजार डॉलर उसने घेऊन ही दुकानदारी सुरू केली. भारतात ती २००१ मध्ये दिल्लीला आली. काचेपलीकडच्या मुलाला 'ऑलिव्ह जास्त, कांदा कमी' असं सांगताना आपण एकदम इंटरनॅशनल झालोय असं वाटायचं. आणि ऑर्डर काय करायचो? आलू पॅटी. म्हणजे वडापावचाच लांबचा भाऊ, एसीत बसलेला!

लिस्टमधली पहिली ओळ

हा सगळा विषय डोक्यात घुसवला माझ्या एका मैत्रिणीनं. पुण्यातल्या आयटी कंपनीत सहा वर्षं काढून ती रत्नागिरीला घरी परत आली. नाचण्याला आईबाबांच्या घरी वरच्या मजल्यावर टेबल, चांगलं वायफाय, संध्याकाळी भाट्याचा समुद्र. हेवा वाटावा असा सेटअप. पण कंपनीनं पुन्हा ऑफिसात यायची कुणकुण लावल्यावर तिनं एक लिस्ट केली. डावीकडे 'इथे आहे', उजवीकडे 'इथे नाही'. डावीकडे आईबाबा, ताजे मासे, न भरावं लागणारं भाडं. उजवीकडे पहिलीच ओळ : 'बरा सब'.

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "सँडविचचं नाही गं. सहा वर्षांत मला ज्या ज्या गोष्टींची सवय लागली, त्या सगळ्यांच्या वतीनं ते लिहिलंय. उद्या इथे राहायचं ठरवलं, तर त्या सगळ्यांवर पाणी सोडायचं का?"

प्रश्न सीरियस होता. म्हटलं, निदान पहिल्या ओळीचा निकाल लावू. दोन दिवस आम्ही स्कूटरवरून मारुती मंदिर, जयस्तंभ, राम आळी असं सगळं पालथं घातलं.

एका चकाचक कॅफेत मेन्यूवर 'इटालियन सब' दिसला आणि आम्ही जवळजवळ टाळी दिली. आला तो हॉटडॉगचा गोडसर बन. आत मक्याचे दाणे, मेयोनीज, किसलेलं प्रोसेस्ड चीज; वरून ग्रिलचे काळे पट्टे. इटालियन काय, तर सोबत ओरेगॅनोची पुडी. रस्त्यावरच्या गाडीवर हिरवी चटणी, बीट, बटाटा, काकडीचं मुंबई सँडविच खाल्लं. ते अफलातून होतं, पण ती जातच वेगळी. त्याला सबच्या परीक्षेला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सगळा घोळ पावाचा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्यूब पेटली. आम्ही सलामी शोधत होतो, चीज शोधत होतो. शोधायला हवा होता पाव.

आपला लादी पाव पाहा. पिठाचे गोळे पत्र्यावर एकमेकांना खेटून ठेवतात. भट्टीत ते फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणून पाव सोडवला की त्याच्या बाजू कापसासारख्या मऊ, कडकपणा काय तो थोडासा वर आणि खाली. वड्यासाठी, मिसळीसाठी, खिम्यासाठी हे बेस्ट, कारण रस्सा प्यायचं काम त्याला करायचं असतं. पण त्याच पावात तेल, व्हिनेगर आणि टोमॅटोचं पाणी घाला, पाच मिनिटांत त्याचा शिरा होतो.

सबला चारही बाजूंनी कवच लागतं. त्यासाठी प्रत्येक गोळा सुटा हवा, म्हणजे गरम हवा त्याच्याभोवती फिरते आणि सगळीकडून खरपूस होते. हे काही परदेशी गुपित नाही. मुंबईच्या इराण्यांचा ब्रून असाच कडक असतो. गोव्यात पोदेर जो कडक कवचाचा उंडो विकतो, तोही असाच. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि पश्चिम किनाऱ्याला भट्टीची सवय शतकांची आहे. कोकणात बेकरी नाही असं मोठं गाव शोधून दाखवा! म्हणजे कारागीर आहे, भट्टी आहे, मैदा आहे. फक्त आकार बदलायचाय.

आणि सबचा जन्म तरी कुठे रेस्टॉरंटमध्ये झालाय? इटलीत जाऊन 'सब द्या' म्हटलंत, तर समोरचा बघतच राहील. हा पदार्थ अमेरिकेत गेलेल्या इटालियन माणसांचा. मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदरातली गोष्ट अशी सांगतात : १९०२च्या सुमारास जिओव्हानी अमाटो नावाचा बेकर गाडीवर पाव घेऊन गोदीवर जायचा. गोदी कामगार म्हणाले, बाबा रे, नुसता पाव काय देतोस, मधे कापून थोडं मांस, चीज, भाज्या घाल की. त्यानं घातलं. अमाटोज हे दुकान आजही आहे आणि तिथे त्या सँडविचला नुसतं 'इटालियन' म्हणतात. फिलाडेल्फियात तेच होगी, न्यूयॉर्कात हिरो, न्यू इंग्लंडमध्ये ग्राइंडर. सबमरिन हे नाव आधी कुणी ठेवलं यावर दोन-तीन गावांची भांडणं आहेत. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनजवळ पाणबुड्यांचा तळ असल्यानं तिथल्या लोकांना आपलाच दावा पक्का वाटतो.

थोडक्यात, भुकेलेला कामगार आणि हाताशी असलेला पाव. आपल्या वडापावची कथा वेगळी आहे का? १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडा पावात घातला असं सांगतात, आणि तो डोक्यावर घेतला गिरणगावानं. तिथे गोदी, इथे गिरणी. फरक एवढाच की तिथल्या पावाला कवच होतं.

'डझन तरी घ्याल का?'

तिसऱ्या दिवशी आम्ही बाजारातल्या एका जुन्या बेकरीत गेलो. खारी, बटर, नानकटाईच्या बरण्या आणि मागे धगधगती भट्टी. काउंटरवरच्या चाचांना मैत्रिणीनं विचारलं, "चाचा, लादी नको. सुटे आणि लांब पाव लावून द्याल का?"

"लांब म्हंजे किती?"

तिनं हात पसरून दाखवला. "वीतभर."

"वीतभर पाव काय करतलीस?"

आम्ही सगळं सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अडचण सांगितली : सुटे पाव पत्र्यावर जागा खातात. लादीच्या जागेत निम्मेसुद्धा बसत नाहीत. "चार पावासाठी नाय परवडत. डझन तरी घ्याल का? आणि दर हप्त्याला घ्याल का? एकदा खाऊन गेलात तर मग मी ते कुणाला विकू?"

मंडळी, दोन दिवस आम्ही जे शोधत होतो त्याचं उत्तर या दोन वाक्यांत होतं. पुण्यात सब मिळतो कारण पुणं ग्रेट आहे म्हणून नाही. तो दर आठवड्याला मागणारी माणसं तिथे आहेत म्हणून. अमाटोलाही आधी गिऱ्हाईकं भेटली, सँडविच नंतर सुचलं.

मैत्रिणीनं तिथेच उभ्या उभ्या फोन काढला. बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करणारा शाळेतला मित्र, बँकेतल्या दोघी, कॉलेजात शिकवणारी चुलत बहीण, एक डेंटिस्ट. वीस मिनिटांत नऊ जण झाले. उरलेले तीन तिच्या बाबांनी घेतले, चहात बुडवायला.

हवामानाचं सँडविच

शनिवारी पाव आले. थोडे वाकडे, पण चौफेर खरपूस. दाबल्यावर कुर्रर्र आवाज आणि आतून मऊ लूस. आता आत काय?

खरी सलामी आपल्याकडे का बनत नाही, हे आधी समजून घ्या. ती शिजवत नाहीत. मीठ लावलेलं मांस बारा-पंधरा डिग्रीच्या गार हवेत आठवडेच्या आठवडे वाळवतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने घामाच्या धारा. इथे मांस टांगलंत तर शेजारी पोलीस बोलावतील. म्हणून कोकणानं वेगळी वाट काढली : मीठ आणि कडक ऊन. सुकट, सोडे, सुका बांगडा ही आपली टिकवलेली मेजवानी. गोव्यानं तिसरी वाट काढली. डुकराच्या मांसाला माडाच्या ताडीचं व्हिनेगर, मिरची, मीठ लावून चोरीस केले. डुक्कर चालत असेल, तर चोरीस पाव हा सबचा आपल्याकडचा सगळ्यात जवळचा नातेवाईक. पाकिटातली चिकन सलामी मिळते, पण ती शिजवलेली असते आणि चव बेताची. चालवून घ्या, नाहीतर सरळ बाजूला ठेवा.

कारण मिरकरवाड्याच्या जेटीवर याहून भारी माल आहे. कुपा. हाच तो टूना, जो इटालियन लोक तेलात मुरवून पावात घालतात. सुरमईच्या मागे धावणारी आपली मंडळी याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ताजा, बर्फात ठेवलेला घ्या. मिठाच्या पाण्यात, दोन मिरीदाणे टाकून हलक्या आचेवर शिजवा, काटे काढा, मोठे तुकडे ठेवून कोरडे करा आणि तेल ओतून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत संपवा. जून-जुलैत मोठ्या बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा सुट्टी.

शाकाहारी मंडळींनी नाक मुरडू नये. अमेरिकेतल्या इटालियन दुकानांत वांग्याचा सब हा मानाचा आयटम असतो. आपल्याकडे वांग्याचे काप कुठल्या घरात होत नाहीत? फक्त मसाला कमी, मीठ-मिरी जास्त.

आता जोडणी. पाव एका बाजूनं कापा, पुस्तकासारखा उघडा. आतला मऊ भाग थोडा काढा. दोन्ही पानांवर तेल. मग चीज, त्यावर कुपा किंवा काप, त्यावर टोमॅटो आणि गार पाण्यात भिजवून निथळलेला पातळ कांदा. मीठ, ओरेगॅनो आणि व्हिनेगर भाज्यांवर शिंपडायचं, पावावर नाही. आम्ही व्हिनेगरमध्ये चार थेंब कोकमाचं आगळ घातलं आणि नंतर त्याच्याशिवाय करायचं नाही असं ठरवलं. आगळात मीठ असतं, तेवढं भाज्यांवरचं कमी करा. शेवटची स्टेप सगळे विसरतात : कागदात घट्ट गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. आतला रस पावात उतरतो, कवच तसंच राहतं.

हा इटालियन आहे का? पोर्टलंडचा तरी कुठे होता! पण मक्याच्या दाण्यांपेक्षा नक्कीच जवळचा.

मैत्रिणीच्या लिस्टची पहिली ओळ खोडली गेली. खाली अजून सात आहेत. सिनेमा, डान्स क्लास, रात्री अकराला भेटणारी माणसं. त्यातल्या काही बारा जण जमवून सुटतील, काही नाही सुटणार, हे तिलाही कळतंय. ऑफिसला तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. शनिवारचा डझन मात्र चालू आहे, आणि बाबांचे तीन आता पाच झालेत.

तेव्हा तुम्ही चिपळूणला असा, साताऱ्याला किंवा डोंबिवलीला : चांगला सब कुठे मिळतो हे विचारत फिरू नका. जवळची भट्टी गाठा, वीत दाखवा आणि अकरा जण शोधा.